बुडबुडे सर

आमच्या सरांबरोबर कुठे काही प्यायला जाऊ नये, हा सल्ला मला कॉलेजात रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. मी तो ऐकला नाही. जालन्यातल्या मस्तगडहून प्रयोगशाळेसाठी काच कापून आणायची होती, ऊन मी मी म्हणत होतं, आणि सर म्हणाले, "चल, सोडा पिऊ."

सोडा आला. मी ग्लास तोंडाला लावणार तोच त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, उन्हाकडे धरला आणि एक डोळा मिटून आत बघत राहिले. मग खिशातून प्लास्टिकची पट्टी काढून ग्लासला टेकवली.

"वरचे बघ. खाली बारीक, वर मोठे. का?"

मला तहान लागली होती. 'का' हा प्रश्न मला त्या वेळी पडलेला नव्हता. सरांनी तो स्वतःलाच विचारला, स्वतःच उत्तर दिलं, ते उत्तर खोडलं आणि दुसरं दिलं. ग्लास परत मिळाला तेव्हा त्यात सोडा उरला नव्हता, नुसतं मचूळ पाणी होतं. दुकानदार त्यांना चांगला ओळखत असावा. तो म्हणाला, "सर, तुमच्यासाठी एक ग्लास येगळाच ठिवतो. येत जा, बघत जा. पन गिऱ्हाइकाला पिऊ द्या."

सरांना त्यात टोमणा आहे हेच कळलं नाही. त्यांनी मनापासून आभार मानले.

कॉलेजात त्यांना सगळे 'बुडबुडे सर' म्हणत. पोरं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि प्राचार्य एकदा चुकून माइकवरून म्हणाले होते. सर रसायन अभियांत्रिकीचे. त्यांचं सगळं आयुष्य एका गोष्टीत गेलं: टाकीत हवा सोडली की जे बुडबुडे उठतात, ते केवढे असतात?

ऐकणाऱ्याला हसू येतं, पण मुद्दा खरा आहे. खाणीतून निघालेला दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात, त्यात औषधं घालतात आणि खालून हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, माती खाली राहते. वरचा फेस काढून घेतला की तांबं हातात. बुडबुडे बारीक असले तर तांबं जास्त येतं, मोठे असले तर हवा नुसती भसकन वर जाते. बुडबुडे बारीक राहावेत म्हणून पाण्यात फेस आणणारं एक औषध थेंब-थेंब घालतात. ते किती घालायचं, यावर खाणीवाल्यांचा सगळा हिशेब चालतो.

आता जालन्यात तांब्याची खाण नाही. जालन्यात कोणतीच खाण नाही. इथे भंगार वितळवून सळया करतात, बियाणं विकतात. या गावात बसून एक माणूस बुडबुडे का मोजतो, असं मी एकदा विचारलंच. सर तरुणपणी कुठल्याशा दूरच्या तांब्याच्या खाणीवर शिकायला गेले होते. तिथे पहिल्यांदा त्यांनी टाकीवरचा तो चकचकीत फेस बघितला. "त्या फेसात मला तोंड दिसलं माझं," ते म्हणाले. "मंग काय, मी तिथंच उभा. जेवायची घंटी होऊन गेल्ती." एवढंच कारण.

त्यांनी मोजायचं यंत्रही घरगुतीच बनवलं होतं. टाकीत बुडवलेली एक नळी, नळीच्या वर तिरप्या काचेची चपटी पेटी, पेटीच्या मागे ट्यूबलाइट आणि पुढे कॅमेरा. बुडबुडे नळीतून वर येतात, तिरप्या काचेवर पसरतात, एकामागे एक लपत नाहीत, आणि त्यांचा फोटो घेता येतो. परदेशात याच कामाला लाखमोलाचं यंत्र मिळतं म्हणे. सरांचं मस्तगडच्या काचवाल्याने आणि माशांच्या टाकीला लावतात त्या चिकट डिंकाने झालं होतं, आणि ते गळत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

फोटो काढणं सोपं होतं. पुढचं म्हणजे नरकयातना. जगात सगळीकडे हे बुडबुडे संगणक मोजतो. सरांना ते चालत नसे. "दोन चिकटले तर तो त्यान्ला एक समजतो. तू समजशील का?" मी समजले असते, आनंदाने समजले असते. पण सरांच्या हाताखाली पीएचडी करायची म्हणजे एकेका फोटोतल्या एकेका बुडबुड्याभोवती हाताने गोल काढायचा. गोल, गोल, गोल. मला भाकरीवर गोल दिसायला लागले. सासूबाई एकदा म्हणाल्या, "भाकरीकडं काय बघून राह्यलीस गं, करपली का?"

आणि सरासरी! सरासरी हा शब्द सरांसमोर जपून वापरावा लागे. मी पहिल्या फोटोतल्या बुडबुड्यांची सरळ सरासरी काढून नेली तर त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"पंगतीत नऊ लेकरं आन एक पैलवान बसलाय. तू डोकी मोजून पोळ्या करशील?"

"नाही सर."

"मंग इथं का डोकी मोजली? एक मोठा बुडबुडा हजार बारक्यांची हवा एकटा पिऊन बसतो. आन वर येतो तो रिकामाच! त्याला एक कसं धरलं तू? त्याच्या पोटानं मोज."

हे मला पटलं. पण त्यांनी ते मला तेव्हाच नाही, दर सेमिस्टरला सांगितलं, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, माझ्या नवऱ्याला माझ्या मुलाच्या बारशात सांगितलं. नवरा अजूनही पंगतीत बसला की पैलवान शोधतो.

एकदा चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो होतो, तर तिथे भजीच्या गाड्यापुढे सर उभे. मी लपायला जागा शोधत होते. सर कढईत वाकून वाकून बघत होते, बाजूला काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हातात प्रसादाची पिशवी घेऊन उभ्या होत्या, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. गाडेवाला म्हणाला, "काका, घ्यायची असतील तर घ्या, न्हाई तर सरका. तेल उडंल डोळ्यात." सर म्हणाले, "घेतो ना. ही मिरची आधी थंड होऊ दे... म्हंजे बुडबुडे थांबू दे." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मदतीची मागणी नव्हती, नुसती ओळख होती. आपण दोघी एकाच माणसाच्या तावडीत सापडलोय, अशी.

काकूंचं वेगळं एक दुःख होतं, ते म्हणजे पाणी. सर पिंपळगाव रेणुकाईकडच्या एका खेड्यातले. तिथे उन्हाळ्यात काय हाल होत, ते सर कधी रडून सांगत नसत, पण त्यांच्या वागण्यात ते पुरतं मुरलेलं होतं. "आमच्यात एका तांब्यात तोंड, हात, पाय. उरलं तर झाडाला," हे ते इतक्या सहज म्हणत की जणू सगळं जग असंच राहतं. जालन्यात येऊनही काही बिघडलं नाही, कारण इथेही नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी येतं आणि आलं की सगळी गल्ली हांडे-बादल्या घेऊन पळते. सरांच्या घरी धुणं-भांडी त्यांच्या हिशेबाने होत. प्रयोगशाळेत कुणी नळ जरा जास्त वेळ सोडला की सर कुठूनतरी उगवत आणि काही न बोलता नळ बंद करून जात. रागावले की ते मला 'अहो' म्हणत. "अहो मॅडम, हे पाणी तुम्ही कमावलं का?"

त्यांची प्रयोगाची टाकी ते स्वतः धुवायचे. दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. चिमूटभर भांड्यांची पावडर, कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश, मग मगभर पाणी घालून टाकी गोल गोल फिरवायची, आणि ते पाणी बाहेरच्या कण्हेरीला. झालं. टाकी चकचकीत दिसायची. मी कित्येक वर्षं ते बघत होते आणि माझ्या मनात फक्त एवढंच यायचं की हा माणूस आता मला किती वाजता सोडणार.

माझी अडचण आता सांगते, कारण तिच्यापायी मी त्यांचं सगळं सहन करत होते. मी कॉलेजात कंत्राटी. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर पावसाळ्यात, बोलावलं तर, सुरू व्हायची. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, हे व्यवस्थापनाने तोंडावर सांगितलेलं. माझ्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झालेली होती. आता दिवाळीच्या सुट्टीआधी प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा पहिल्यापासून करायला माझ्यात ना वय उरलं होतं ना जीव. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मुलगासुद्धा म्हणायचा, "आई, तुझे बुडबुडे झाले का?"

सर तोवर निवृत्त झाले होते, पण मार्गदर्शक म्हणून रोज यायचे. त्यांच्या नावावर एकच गाजलेला शोधनिबंध होता. त्यांनी दाखवून दिलं होतं की ते फेसाचं औषध सगळे घालतात त्याच्या निम्म्यानेही बुडबुडे तितकेच बारीक होतात. निम्म्यात भागतं! हे त्यांच्या स्वभावाला किती शोभणारं आहे बघा. त्या निबंधामुळे त्यांचं नाव जालन्याबाहेर गेलं, दोन-चार पुस्तकांत तो आकडा छापून आला. माझा प्रबंध त्याच आकड्यावर उभा होता: निम्म्या औषधात हे होतं, तर टाकीतलं पाणी घुसळणाऱ्या वेगवेगळ्या पंख्यांनी काय होतं, वगैरे. वाचणाऱ्याला कंटाळा येईल, म्हणून इथेच थांबते.

त्या उन्हाळ्यात सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. बुडबुडे मोजणाऱ्या माणसाला काळा चष्मा लावून घरी बसवलं. मला खोटं कशाला बोलायचं, मला सुटल्यासारखं वाटलं. टाकी आता मी धुणार होते. मी ती माझ्या पद्धतीने धुतली, म्हणजे जशी कुणीही धुईल तशी. घासायची, भरायची, ओतायची, परत भरायची, परत ओतायची. कॉलेजने तेव्हा टँकर लावला होता, अडवायला सर नव्हते.

आणि बुडबुडे मोठे आले. निम्म्या औषधात जे बारीक यायचे, ते जवळपास दुप्पट.

मला वाटलं हवा जास्त झाली. हवा तपासली. पंखा तपासला. औषधाची नवी बाटली फोडली. मोठे ते मोठेच. पंधरवड्याने सर येऊन स्टुलावर बसायला लागले, काळ्या चष्म्याआडून विचारायला लागले.

"किती?"

मी आकडा सांगायची.

"चूक. पुन्हा."

पुन्हा. पुन्हा. पुन्हा. हे किती दिवस चाललं ते आठवलं तरी अजून डोकं तडकतं. माझं काय चुकतंय हे ते सांगू शकत नव्हते, फक्त चुकतंय एवढं सांगत होते. "तुझा हात बिघडला," म्हणाले. हात! यंत्राने हवा सोडायची, कॅमेऱ्याने फोटो काढायचा, आणि बिघडला माझा हात! मुदत जवळ येत होती. मी घरी मुलावर ओरडत होते, नवऱ्यावर ओरडत होते, फक्त जिथे ओरडायला हवं तिथे तोंड शिवून "हो सर" म्हणत होते.

शेवटी त्यांच्या डोळ्याला परवानगी मिळाली. आले ते बाह्या सारूनच. चिमूटभर पावडर, ब्रश, मगभर पाणी, टाकी गोल गोल, कण्हेर. टाकी लावली, निम्मं औषध घातलं, हवा सोडली. काचेवर बुडबुडे आले. बारीक, मोहरीसारखे, सगळे एकासारखे एक.

"बघ," सर म्हणाले. "ह्याला हात म्हनतेत."

मी बघत होते, पण काचेकडे नाही. मी दारातून बाहेर बघत होते. कण्हेरीच्या बुडाशी त्यांनी ओतलेलं पाणी अजून जिरलं नव्हतं आणि त्याच्या कडेला पांढरा फेस बसला होता.

मला वाटतं, त्या क्षणी मी शहाणपणाने गप्प बसायला हवं होतं, सर घरी गेल्यावर शांतपणे तपासून बघायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातला तास थांबला.

"सर, तुम्ही टाकी नीट धुतच न्हाईत! त्यात साबण राहून राह्यलाय! हे तुमच्या औषधानं न्हाई, साबणानं बारीक होऊन राह्यलेत!"

साबणाचं पाणी आणि फेसाचं औषध, बुडबुड्याला दोन्ही सारखंच. आपल्याला पोरवयापासून माहीत असलेली गोष्ट. पाण्यात साबण असला की फेस येतो. दोन शिकली-सवरलेली माणसं वर्षानुवर्षं हे समोर ठेवून गोल काढत बसली होती.

सर मला 'अहो' म्हणाले नाहीत. म्हणाले, "करून दाखव."

मी टाकी सोडवली. एक बादली ओतली, दुसरी ओतली. प्रत्येक बादलीला त्यांचा चेहरा असा व्हायचा की कुणी त्यांच्या पायावर दगड टाकतंय. तिसऱ्या बादलीला त्यांना राहवेना, उठले आणि ओतलेलं पाणी ड्रममध्ये धरायला लागले. "झाडाला होईल." मी दात-ओठ खात धुवत होते, ते धरत होते. मग औषध, हवा, काच. मोठे. मग पुन्हा त्यांच्या पद्धतीने, चिमूटभर पावडर, मगभर पाणी. बारीक. मग पुन्हा माझ्या. मोठे.

त्यांनी काळा चष्मा काढून काचेला नाक लावलं. नव्या डोळ्याने त्यांना चांगलं दिसत होतं. बराच वेळ ते तिथून हलले नाहीत. मग म्हणाले, "चहा घेऊ." कँटीनमध्ये चहा आला आणि त्यांनी तो ग्लासात न बघता पिऊन टाकला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी घाईघाईने म्हणाले, "सर, जाऊ द्या. माझं आधीचं सगळं तुम्ही धुतलेल्या टाकीत मोजलेलं आहे. तुमच्या आकड्याशी जुळतंय. तुम्ही सही करा, मी दाखल करते. हे आपण नंतर बघू."

"जुळतंय म्हणून तर चूक हाये ते."

"माझी नोकरी जाईल, सर."

"जाऊ न्हाई द्यायची. धुवू."

धुवू! मला तो माणूस उचलून कण्हेरीत ठेवावासा वाटला. मुदत तोंडावर, आणि सगळा प्रबंध नव्याने मोजायचा, प्रत्येक वेळी टाकी बादल्या-बादल्यांनी धुवून. टँकर तोवर बंद झाला होता. सही हवी तर त्यांचीच, दुसरा मार्गदर्शक मिळायला वेळ नाही. मी त्यांना त्या दिवशी जे मनात बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

पण सर रोज सकाळी स्कूटरच्या पायाशी पाण्याचे कॅन ठेवून यायला लागले. कुठून आणत होते देव जाणे. कॅन स्वतः वर चढवत, स्वतः ओतत. मी घासायची, ते ओतायचे. सुट्टीच्या दिवशीही. गोलही त्यांनी काढले, निम्मे तरी त्यांनीच काढले, आणि माझे तपासून त्यातले अर्धे पुन्हा काढायला लावले. त्या आठवड्यांत आमच्यात एक शब्द गोडीचा झाला नाही. एका संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"काय केलंस गं ह्यान्ला? मी भांडी घासून ठिवली का हे पुन्हा पाण्यातून काढून राह्यले. एकदा न्हाई, दोनदा! लग्न झाल्यापासून मला वाटीभर पाण्यात संसार करायला लावला ह्या माणसानं. आन आता म्हनतेत, साबन ऱ्हातो." त्या हसत होत्या, मग एकदम थांबल्या. "जेवत न्हाईत गं बराबर. काय झालंय?"

मी म्हटलं, काही नाही काकू, कामाचा ताण आहे. आकडा चुकला, असं फोनवर काय सांगणार?

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाला. सरांनी सही केली. त्यात मी लिहिलं होतं की उपकरण पूर्ण स्वच्छ केल्यास निम्मं औषध पुरत नाही, आधीचे आकडे वेगळे आहेत, त्याची कारणं अनेक असू शकतात. अनेक! सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती, पण बदल म्हणून सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तेही झाकून घ्यायला तयार झाले. मला त्यांचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

संक्रांतीनंतर तोंडी परीक्षा. विभागाचा हॉल भरलेला, पुढे बाहेरून आलेले परीक्षक, फार विद्वान आणि फार सभ्य. मागच्या भिंतीशी सर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बोलले, बरं बोलले. मग परीक्षकांनी चष्मा वर केला.

"मॅडम, तुमच्या मार्गदर्शकांचा निम्म्या औषधाचा आकडा आम्ही सगळे वापरतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो शिकवतो. त्याच यंत्रावर, त्याच टाकीत तुमचे बुडबुडे जवळजवळ दुप्पट मोठे आहेत. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. मग मी असं धरू का, की तुमच्या मोजणीत दोष आहे?"

मला उत्तर माहीत होतं. एका वाक्याचं होतं. पण सर मागे बसले होते, सगळा विभाग बसला होता, त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "सर, उपकरणाची स्वच्छता... म्हणजे काही घटक..." परीक्षक वाट बघत होते. मला माझी खुर्ची, माझं टेबल, माझा कंत्राटाचा कागद, सगळं हातातून जाताना दिसत होतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ती बराबर हाये," सर म्हणाले. "माझं चुकलंय. मी टाकी नीट धुत नव्हतो. साबन ऱ्हायचा."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही. परीक्षक म्हणाले, "सर, बसा ना. म्हणजे, एखाद-दुसऱ्या वेळी असं..."

"एखाद-दुसऱ्या न्हाई."

"मग कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ते उभेच होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. "छापनाऱ्यान्ला मी कळवलंय, तो आकडा काढा म्हणून. तुम्हीबी पोरान्ला शिकवू नका आता. आन हे मी न्हाई शोधलं, हिनं शोधलं. मला तर ओरडून सांगावं लागलं." मग ते बसले.

मला रडू आलं, सगळ्यांसमोर आलं, आणि ते लपवायला मी पुढची स्लाइड लावली. परीक्षकांनी आणखी दोन प्रश्न विचारले, ते माझ्या बाजूनेच होते. समाधान वाटतंय ना, असं त्यांनी सभेला विचारलं. तेवढ्यात मागून हात वर झाला. सरांचा. त्यांनी माझ्या शेवटच्या आलेखातल्या एका बिंदूवर शंका घेतली. खरोखरची, अडचणीची शंका, जी परीक्षकांच्या लक्षातही आली नव्हती. मी घामाघूम होऊन उत्तर दिलं. ते म्हणाले, "ठीक हाये," पण त्यांना ते पटलेलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसलं. डस्टर हाताशी असता तर मी फेकला असता.

पदवी मिळाली. पेढे झाले, फोटो झाले. गर्दी पांगल्यावर सर जिन्याशी सापडले. मी भांडायच्याच तयारीत होते. एवढं सगळं करणार होतात तर मला आधी सांगायचं, ती शंका आजच काढायची होती का, असं बरंच मनात जमवलं होतं. त्यांनीच आधी विचारलं, माझ्याकडे न बघता.

"आता तुझं झालं. मार्गदर्शक म्हणून यायचो मी. आता... येऊ देतील का मला?"

त्यांच्या नावावर एक निबंध होता, तो त्यांनी स्वतः पुसून टाकला होता. निवृत्त माणूस, हाताखाली विद्यार्थी नाही, टेबल नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं करून हा माणूस मला परवानगी विचारतो!

"उद्या साडेदहाला या," मी म्हटलं. "आणि उशीर करू नका."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ते प्रयोगशाळेच्या कुलपाशी उभे होते, आणि उशिरा आल्याबद्दल त्यांनी मलाच झापलं. 'अहो' म्हणून.